डबल बेल

चौतीस वर्षं माझा रविवार
तासगाव आगाराच्या गाडीत गेला.
चर्चची घंटा ऐकली ती विट्याला जाताना, खिडकीतून.
घंटा आमचीच,
पण हात माझा दुसऱ्या दोरीवर.
एक टोला, थांब.
दोन टोले, जाऊ दे.

निवृत्त झालो त्या आठवड्यात
शेवटच्या बाकावर जाऊन बसलो,
दाराशी, नेहमीच्या जागी बसावं तसा.
आशीर्वादाला सगळ्यांचे डोळे मिटले
की मी चपला शोधायचो.

पाळकबाईंनी एकदा दारातच गाठलं.
"एलीशा आवळे ना तुम्ही? विटा गाडीचे?
तुम्ही मला मणेराजुरीच्या फाट्यावर उतरवलं होतं,
पन्नासची नोट मोडत नव्हती म्हणून.
कडेवर पोर होतं माझ्या."
मला काही आठवेना.
असं आठवायला लागलं तर नोकरी कशी व्हायची.
"पुढच्या रविवारी थैली तुम्ही फिरवा," म्हणाल्या,
"सुट्ट्याची सवय आहे तुम्हाला."

हा सूड होता की सेवा,
मी अजून विचारलेलं नाही.

थैली जांभळ्या मखमलीची, दांडा सागाचा,
आतलं अस्तर उसवलेलं.
अर्पणाचं गीत सुरू झालं, मी बाकांमधून सरकलो.
जमीन हलत नव्हती,
गुडघे मात्र हलत्या गाडीतले.
तिसऱ्या बाकाशी तोंडातून निघून गेलं,
"कुणाचं राहिलंय?"
गीत थांबलं नाही.
पेटीवरचं शांतवनचं बोट तेवढं
काळ्या पट्टीवरून घसरलं.

आणि मग ते हात.
मूठ बंद करून थैलीत जाणारे,
मूठ बंद करूनच बाहेर येणारे.
नाण्याचा आवाज नाही.
असे हात मी लांबून ओळखतो.
चौतीस वर्षं त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवलं,
ऊन असो, रात्र असो.
सुगंधा हिवाळेचा हात होता,
हळदीनं पिवळा, नखांपर्यंत.
मी थैली जराशी तिच्याकडे कलवली,
शेजारणीला तळ दिसू नये इतकी,
आणि दांडा हलवला.
आतली आधीची नाणी वाजली.

मागच्या खोलीत मोजणी.
सहाशे बारा रुपये, एक बटण.
मी सवयीनं वे-बिलासारख्या रेघा मारल्या.
खजिनदार चांदणे चष्म्यावरून म्हणाले,
"आवळे, इथं प्रवासी लिहीत नाहीत."
खोडलं.
काय लिहायचं ते त्यांनीही सांगितलं नाही.

कापणीच्या सणाला लिलाव पुकारायला मीच.
आवाज आहे म्हणे, फुकट कशाला जातोय.
सावळजचा बेदाणा, शाळूची पेंडी,
पाय बांधलेला एक कोंबडा, तो प्रार्थनेतही बोलला.
एक भोपळा चार वेळा विकला मी.
घेणारा पैसे मोजायचा
आणि भोपळा पुन्हा वेदीशी ठेवायचा.
अशी गाडी मी कधी चालवली नव्हती,
तिकीट काढून कुणी उतरून जातंय
नि जागा मागच्याला देतंय.

शेवटी उरलं एक अंडं.
सुगंधानं रुमालात आणलेलं, अजून कोमट.
"पाच रुपये," कुणीतरी म्हणालं.
"दहा."
"पन्नास," पाळकबाई.
नोट घडी घातलेली, जुनी.
मी खांद्याशी चाचपलं.
बॅग कधीच जमा केली होती आगारात.
"सुट्टे नाहीत बाई."
"मग," त्या म्हणाल्या, "उतरू का?"

सगळी मंडळी हसली. मीही हसलो, जरा उशिरा.
अंडं त्यांनी सुगंधाच्याच रुमालात परत बांधलं.

घंटेची दोरी अजून सॅमसनकडे आहे.
मी मागितलेली नाही.
पण रविवारी साडेआठला
अंगणात कुणाच्या तरी सतरंज्या झटकत असतो,
आणि टोले मोजतो.
दुसऱ्याला पाऊल आपोआप उचलतं.
मग आठवतं,
कुठं जायचं नाहीये.
धूळ झटकून
दुसरी सतरंजी घेतो.